एकशे बेचाळीस कुलपं

“कुलूप लावलेल्या घरात पण लोक राहतात, बस त्या वेळी ते घरी नसतात,” असं कमल टोकेकर एकदा म्हणाल्या होत्या. सर्वेक्षणाला निघालेली नवी मुलंमुली समोर बसली होती. त्यांना ते गमतीचं वाटलं, ती हसली. कमलताईही हसल्या. मग त्यांनी खडू घेतला, फळ्यावर एक दार काढलं, दाराला कडी, कडीला कुलूप, आणि विचारलं, “आता सांगा, हे किती दिवसांपासून बंद आहे?”

कुणाला सांगता आलं नाही. फळ्यावरच्या कुलपावरून कोण काय सांगणार?

“तेच तर,” त्या म्हणाल्या. “इथे बसून नाही सांगता येत.”

आमची संस्था इंदुरातल्या मल्हारगंजात एका भांड्यांच्या दुकानावर आहे. खाली दिवसभर पितळ पितळेवर आपटतं आणि वर आम्ही देश मोजतो. म्हणजे देशातले जिल्हे कसे पुढे चाललेत, आणि ते पुढे जाणं टिकणारं आहे का, हे मोजतो; त्यांतले इकडचे बारा आमच्या वाट्याला. विहिरीला आज पाणी आहे, दहा वर्षांनी असेल का? शाळा आहे, पण नाव घातलेलं मूल शाळेत बसतं का? चुलीला लाकूड लागतं ते कुठून येतं, आणि ते जंगल किती उरलंय? असे त्रेचाळीस प्रश्न घरोघर विचारायचे, उत्तरांची टक्केवारी काढायची आणि जिल्ह्याला शून्य ते शंभर यांतला एक आकडा द्यायचा. सर्वांत मागच्याला शून्य, सर्वांत पुढच्याला शंभर, बाकीचे मधल्या जागेत.

या शून्यावर कमलताईंचा पहिल्यापासून राग होता.

“शून्य मतलब तिथे काहीच नाही का?” त्या नचिकेतला विचारत. “मी जाऊन आलेय तिथे. बायकांनी मला चहा पाजलाय.”

“चहा इंडिकेटरमध्ये नाही ना, कमलजी,” नचिकेत म्हणायचा.

“मग टाका.”

नचिकेत आमचा प्रमुख. वय चौतीस, शिकला पुण्याला, पण जन्म इथलाच. कमलताई त्याच्या आईच्या शाळेतल्या मैत्रीण, त्यामुळे एकटा असला की तो त्यांना मावशी म्हणतो आणि चारजणांत कमलजी. कमलताईही त्याला एरवी नचिकेत म्हणतात आणि टोमणा मारायचा असला की इंदुरी थाटात ‘नचिकेत भिया’. मी अहवालाची भाषा दुरुस्त करतो. नऊ वर्षं माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं, म्हणून हे सगळं माझ्या कानावर पडत गेलं.

त्यांचं वय एकोणसाठ. अंगानं काटकुळ्या. इंदुरात असल्या की पायात साध्या चपला, आणि दौऱ्यावर निघताना सुती साडीखाली पुरुषांसारखे कॅनव्हासचे बूट. हे बूट टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले असत. खण उघडल्याचा करकर आवाज झाला की आम्हाला कळायचं, ताई निघाल्या. तन्वी, आमची आकडेमोड करणारी मुलगी, एकदा म्हणाली, “मॅम, शहरात पण घाला ना, मस्त दिसतात.” कमलताई म्हणाल्या, “अगं, हे गावाकडचे आहेत. इथे ट्रॅफिकमध्ये घाबरतात.”

त्यांचे वडील इथल्या एका कापड गिरणीत कापड मोजण्याच्या खात्यात होते. आजोबा साताऱ्याकडून त्याच गिरणीत आले. गिरणी बंद पडली तेव्हा कमलताई कॉलेजात होत्या. वडिलांबद्दल त्या क्वचितच बोलत. एकदा मात्र, जेवणाच्या सुट्टीत, तन्वीनं एक अडलेली टक्केवारी जरा वर उचलून बसवल्यावर म्हणाल्या, “आमचे बाबा कापड टेबलावर नुसतं ठेवायचे. ओढायचे नाहीत. ओढलं तर वाढलेलं दिसतं, पण घेणाऱ्याचा सदरा आखूड होतो.” एवढं बोलून त्यांनी डब्यातलं लिंबाचं लोणचं तन्वीच्या पोळीवर वाढलं. रागावण्याची त्यांची हीच पद्धत होती.

त्या एकट्या, म्हणजे लग्न न केलेल्या. थोरले भाऊ शरदचंद्र निवृत्त शिक्षक, तेही एकटे. दोघं एका घरात राहतात आणि दिवसभर एकमेकांची चूक काढतात. धाकट्या भावाची मुलगी नीरजा या दोघांनीच वाढवली.

मी एकदाच त्यांच्याबरोबर दौऱ्यावर गेलो, मागे एका डिसेंबरात, एका छोट्या पाहणीसाठी. तो पश्चिमेकडचा डोंगराळ जिल्हा, ज्याचं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या बारांत तो कायम तळाशी असतो. तिथे टेकाडाटेकाडावर एकेक घर असतं, शेजारी म्हणजे हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावरचा माणूस. दिवाळी झाली की तिथली निम्मी माणसं जोडीनं गुजरातेत बांधकामावर जातात आणि होळीला परततात. होळीच्या आधीच्या आठवड्यात तिथे भगोरियाचे बाजार भरतात, तेव्हा सगळी कुलपं उघडतात.

त्या दिवशी आम्ही एका बंद दारासमोर उभे होतो. मी तर लगेच वळलो. कमलताई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी अंगणाच्या तोंडाशी आडवी टाकलेली बोरीची काटेरी फांदी मला दाखवली. “हे सगळे गेलेत, बकऱ्यांसकट. म्हातारं माणूस मागे असतं तर फांदी नसती, झाडायला रोज यावं लागतं ना.” मग ओट्याचं सारवण बोटानं चाचपलं, पापुद्रे निघत होते. “महिना झाला.” कुलपाच्या आकड्यावरचा गंज बघितला, कडीतलं कोळ्याचं जाळं बघितलं. “सव्वा महिना. दिवाळीच्या चौथ्या-पाचव्या दिवशी निघाले असतील.” आणि मग फॉर्मच्या कोपऱ्यात एक छोटं कुलूप काढलं, त्याखाली लिहिलं: ‘सव्वा महिना, सर्व, किल्ली?’

किल्ली थावरीबाईकडे होती. ही वस्तीतली म्हातारी. तिच्या कमरेला काळ्या दोऱ्यात अकरा किल्ल्या. अकरा घरांनी जाताना तिच्याकडे दिल्या होत्या. कोणती किल्ली कोणाची हे ती हातानं चाचपून ओळखायची, तिला दिसत फार कमी होतं. कमलताई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि एकेक किल्ली धरून विचारत गेल्या: ही कुणाची, किती माणसं, कुठे गेली, पोरं कुठे ठेवली. अकराच्या अकरा घरांची माहिती त्यांनी अशी उतरवून घेतली. फॉर्ममध्ये या माहितीला जागा नव्हती. ती सगळी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिली होती.

पोरांचं उत्तर सगळ्यांचं एकच होतं: वसतिगृहात. आईबाप बाहेरगावी असतात त्या महिन्यांत मुलांना गावातच ठेवून घेणारी, शाळा तुटू न देणारी अकरा वसतिगृहं त्या जिल्ह्यात आहेत. ती मिळाली ती आमच्या यादीमुळे. देशाच्या यादीतल्या शेवटच्या चाळीस जिल्ह्यांनाच ती योजना लागू होते. तो जिल्हा गेल्या खेपेला खालून एकतिसावा होता.

यंदाच्या सर्वेक्षणाचे निकाल फेब्रुवारीच्या अखेरीस आले. तन्वी खुर्चीसकट मागे वळली आणि ओरडली, “सर, आपला डोंगरवाला जिल्हा! खालून त्र्याहत्तरावा! काय छलांग मारली आहे!”

नचिकेत उठून तिच्या टेबलाशी आला. पाणी, शौचालय, गॅस, शाळा, सगळं वर सरकलं होतं. “ग्रेट,” तो म्हणाला. “बघा कमलजी, तुमचा जिल्हा तळातून निघाला. पेढे आणा.”

कमलताईंनी जिल्ह्याचा गठ्ठा कपाटातून काढला आणि दिवसभर एकेक फॉर्म उलटत बसल्या. चहा आला, गार झाला. संध्याकाळी त्या नचिकेतच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं, माझ्या टेबलावरून सगळं दिसत होतं.

“सहाशे घरांतली एकशे बेचाळीस बदली आहेत,” त्या म्हणाल्या.

बदली घर म्हणजे काय ते सांगतो. चिठ्ठीत निघालेलं घर तीनदा जाऊनही बंद मिळालं, तर त्याच्या शेजारचं उघडं घर घ्यायचं. हा नियम आहे आणि तो सगळ्या देशाला एकच आहे.

“हो, म्हणजे नियमानं झालं ना?” नचिकेत म्हणाला.

“नियमानं झालं. पण जानेवारीत तिथे उघडं घर कुणाचं असतं? मास्तरचं. दुकानदाराचं. ज्याच्या विहिरीला पाणी आहे आणि दुसरं पीक घेतो, त्याचं. ज्यांच्याकडे काही नाही ते सगळे सुरतेला. आपण मास्तरांना मोजून आलो, नचिकेत. त्यांच्याकडे गॅस असणारच.”

“पण कमलजी, सगळीकडे हाच नियम आहे. म्हणून तर तुलना होते. एका जिल्ह्यासाठी आपण वेगळं केलं, तर उद्या दुसरा म्हणेल आमचंही करा.”

“नियम एक आहे. महिना एक आहे का? तिकडे उज्जैनची माणसं जानेवारीत घरी पोहे खात बसतात.”

नचिकेत हसला, पण लगेच गंभीर झाला. मुलगा वाईट नाही. त्यानं तन्वीला बोलावलं, बदली घरं वगळून आकडा काढायला सांगितला. तन्वीनं काढला. फार फरक पडला नाही. जी घरं मोजलीच नाहीत त्यांचा आकडा कुठून येणार?

“ऑक्टोबरात करायचं होतं आपलं ते,” तन्वी पडद्याकडे बघत सहज म्हणाली. “शेड्यूलमध्ये ऑक्टोबर होतं. मग जानेवारी का झालं?”

खालून पातेल्यांची चळत कोसळल्याचा आवाज आला, कुणी तरी कुणाला शिवी दिली.

“माझ्यामुळे झालं,” कमलताई म्हणाल्या.

नीरजाचं लग्न नोव्हेंबरच्या शेवटी होतं. शरदचंद्रांना साड्यांतलं काही कळत नाही आणि हॉलवाल्याशी भांडता येत नाही. म्हणून कमलताईंनीच नचिकेतला विचारलं होतं की ऑक्टोबरात जवळचा इंदूर जिल्हा उरकून घेऊ का, डोंगराकडचं जानेवारीत करते, रस्ते पण छान कोरडे असतात. नचिकेतनं लगेच हो म्हटलं होतं. लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. पंगतीत कमलताई नऊवारीत, हातात श्रीखंडाचं भांडं, सगळ्यांना आग्रह करत फिरत होत्या. त्या दिवसांत तिकडे डोंगरावर अंगणाच्या तोंडाशी काटेरी फांद्या पडत होत्या. हे त्यांना माहीत होतं. सत्तावीस वर्षं माहीत होतं. त्या एका वर्षी त्या विसरल्या.

“मावशी, असं नका म्हणू,” नचिकेत म्हणाला. त्यानं चारजणांत मावशी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. “परवानगी मीच दिली ना.”

“तू दिलीस कारण मी मागितली. आता दुसरी मागते. होळीच्या आठवड्यात जाऊ दे. भगोरियाला सगळे येतात. एकशे बेचाळीस घरं मी आठ दिवसांत करते.”

“अहवाल होळीच्या दोन दिवस आधी प्रसिद्ध होतोय. दिल्लीचे पाहुणे येणार आहेत, हॉल बुक आहे. कसं थांबवू?” तो कपाळ चोळत होता. “पुढच्या खेपेला दुरुस्त करू. प्रॉमिस.”

पुढची खेप तीन वर्षांनी, आणि चाळिसांच्या बाहेर गेलं की वसतिगृहं बंद. नऊ वर्षांची पोर तोपर्यंत बारा वर्षांची होते आणि आईबरोबर विटा वाहायला जाते. हे तिघांनाही माहीत होतं.

त्याच आठवड्यात माझ्याकडे अहवालाची पहिली पानं तपासायला आली. आतल्या पानावर, आकडेतज्ज्ञांच्या नावांखाली, पहिल्यांदाच एक ओळ होती: ‘क्षेत्रकार्य प्रमुख: सुश्री कमल टोकेकर’. सत्तावीस वर्षांत एकाही अहवालात त्यांचं नाव आलं नव्हतं. घरोघर जाणाऱ्यांची नावं छापायची पद्धत नाही. नचिकेतनं वर भांडून ती ओळ मिळवली होती, त्यांच्या निवृत्तीच्या वर्षाची भेट म्हणून. मी पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि दोनदा वाचलं.

“एक फोटोकॉपी नेऊ का? शरददादाला दाखवते.”

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काय म्हणाले दादा?

“म्हणाला, टोकेकरांचं नाव आजपर्यंत फक्त निधनाच्या बातमीत छापून आलं, तू जिवंतपणी कसं काय जमवलंस?” त्या खळखळून हसल्या. “फ्रेम करायला टाकणार आहे म्हणे. मी म्हटलं, थांब, पूर्ण पुस्तक येऊ दे.”

मग टेबलावरचा स्टीलचा पेला त्यांनी उगाच हातात घेतला. त्यात त्या पेनं ठेवत. त्यावर कोरलेलं होतं: ‘उत्कृष्ट क्षेत्रकार्य’. पहिल्या वर्षीचं बक्षीस. “ठाऊक आहे हा कशाबद्दल मिळाला?” त्यांनी मला विचारलं. “एकही घर बाकी ठेवलं नाही म्हणून. साठ बदली घरं होती त्यात. मी नवी होते, वाटलं, वा, काय काम केलं आपण.” त्यांनी पेला परत जागेवर ठेवला, पेनं एकेक करून त्यात उभी केली.

ती ओळ छापली जायची तर कमलताईंच्या सह्या लागत होत्या. प्रत्येक जिल्ह्याच्या आकड्यांबरोबर एक प्रमाणपत्र जातं: ‘या जिल्ह्याची माहिती जिल्ह्याच्या खऱ्या स्थितीचं चित्र दाखवते, याची मी खात्री करून घेतली आहे.’ खाली क्षेत्रकार्य प्रमुखाची सही. सही नसेल तर त्या जिल्ह्याचा नवा आकडा अहवालात घालता येत नाही, जुनाच क्रमांक तारका लावून पुढे चालवावा लागतो, आणि एका जरी जिल्ह्याची सही राहिली तर क्षेत्रकार्य प्रमुखाचं नाव छापलं जात नाही. हे मी हस्तपुस्तिकेत वाचलं होतं. कमलताईंना ते पाठ होतं. त्या पुस्तिकेचा मराठी तर्जुमा आम्ही दोघांनीच केला होता.

छपाईला पानं जायच्या दिवशी सकाळी साडेदहाला आम्ही चौघं नचिकेतच्या खोलीत जमलो. त्यानं खालून सगळ्यांसाठी पोहे-जिलेबी मागवली होती. कमलताईंची प्लेट त्यानं स्वतः भरली, वर पोह्यांवरचा जिरावण मसाला टाकला, त्यांना आवडतो तसा जास्त. बारा प्रमाणपत्रं एका फाइलीत होती. कमलताई एकेक वाचत, सही करत, पान उलटत होत्या. इंदूर, उज्जैन, देवास. अकरा झाली. बारावं वर आलं.

त्यांनी ते वाचलं. बोट वाक्याखालून हळूहळू सरकत गेलं, ‘खऱ्या स्थितीचं’ इथे थोडं थांबलं, पुढे गेलं.

“मावशी,” नचिकेत हळूच म्हणाला, “दादांनी फ्रेम बनवून ठेवली आहे. आई सांगत होती.”

कमलताईंनी मान हलवली. हो, असं. आणि पेनला टोपण घातलं.

तन्वीचा चमचा प्लेटमध्ये थांबला. नचिकेतनं फाइलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं होतं. आला नाही. शाळेत असताना कुणी त्याची चूक न ओरडता दाखवली असेल, तेव्हा तो असाच दिसत असेल.

“बारा जिल्ह्यांत एक तारका,” तो म्हणाला. “दिल्लीवाले मला विचारतील. मी काय सांगू त्यांना?”

कमलताईंनी बारावं पान सहीविनाच फाइलीत ठेवलं, फाइल मिटली आणि त्याच्याकडे सरकवली. प्लेटमधली उरलेली जिलेबी तन्वीच्या प्लेटमध्ये ठेवली. मग उठल्या आणि कपाटाकडे गेल्या. वरच्या फळीवर दोरीनं बांधलेला बंद घरांचा गठ्ठा होता. सर्वांत वरच्या फॉर्मच्या कोपऱ्यात तसंच छोटं कुलूप मला दिसलं. त्यांनी गठ्ठा काढला, त्याखालचे कोरे फॉर्म काढले, मोजले नाहीत, खांद्यावरच्या कापडी पिशवीत भरले. पिशवीत आधीच एक शाल आणि पाण्याची बाटली होती.

होळीला नऊ दिवस होते. पश्चिमेकडची बस साडेअकराला सुटते.

नचिकेत खुर्चीतून अर्धा उठला. “कमलजी, रजा मंजूर नाहीये,” असं म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच ते ऐकू आल्यासारखा गप्प झाला. टेबलावरची जिरावणाची पुडी त्यानं मिटली, रबर लावलं आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकली.

तेव्हा कुठे मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. सकाळी खण करकरलेला मी ऐकला नव्हता. त्या आमच्याही आधी आल्या असाव्यात. साडीखाली कॅनव्हासचे बूट होते, नाड्या दुहेरी गाठ मारून बांधलेल्या. दाराशी त्यांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली, पदर खोचला, आणि जिना उतरून गेल्या.